‘टेक ऑफ’: कोट उतरतो, विमान चढतं, माणूस सटकतो

इंग्रजीतली चार साधी वाक्यं बघा. ‘शी टुक ऑफ हर कोट’, म्हणजे तिने कोट काढला. ‘द प्लेन टुक ऑफ’, म्हणजे विमान उडालं. ‘ही टुक ऑफ विदाउट अ वर्ड’, म्हणजे एक अक्षरही न बोलता तो सटकला. आणि ‘द बिझनेस टुक ऑफ’, म्हणजे धंदा एकदम जोरात चालायला लागला. चारही ठिकाणी शब्द तेच दोन. ‘टेक’ म्हणजे घेणे, हे आपण इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकात शिकलो. ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे पंख्याच्या बटणामुळे ठाऊक. पण ‘घेणे’ आणि ‘बंद’ यांची बेरीज करून विमान काही उडत नाही.

बातम्यांमध्ये हा शब्द आता मराठीच असल्यासारखा वावरतो. विमान अपघाताची बातमी असली की ‘टेक-ऑफनंतर काही क्षणांत’ हे शब्द येतातच, आणि अर्थविषयक पानावर कुठलं तरी क्षेत्र कायम ‘टेक ऑफच्या तयारीत’ असतं. परीक्षेच्या पेपरात मात्र हाच शब्द घाम फोडतो. ‘टेक ऑफ’चा समानार्थी शब्द निवडा, आणि पर्याय असतात रिमूव्ह (काढणे), डिपार्ट (निघणे), डिडक्ट (वजा करणे), मिमिक (नक्कल करणे). चारही बरोबर असू शकतात. पुढ्यात वाक्य नसेल तर जन्माने इंग्रज असलेल्यालाही उत्तर देता येणार नाही.

## हा प्रकार आहे तरी काय

मूळ क्रियापदाला अप, ऑफ, आउट, इन, ओव्हर असा एखादा छोटा शब्द जोडायचा आणि दोघांचा मिळून एक नवा अर्थ तयार करायचा, याला इंग्रजीत ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. त्या छोट्या शब्दाला व्याकरणात पार्टिकल असं नाव आहे. आपण त्याला शेपटीचा शब्द म्हणू, कारण सगळी गंमत त्या शेपटीत असते.

प्रकार जुना, नाव त्यामानाने नवं. लोगन पिअर्सॉल स्मिथ या लेखकाने १९२५ साली ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा छापून रूढ केली आणि ती आपल्याला ऑक्सफर्डच्या महाकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवली, असंही नोंदवून ठेवलं. पण त्रासाची नोंद त्याच्या कितीतरी आधीची. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला गाजलेला इंग्रजी शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटलंय की क्रियापदामागे छोटा शब्द लावून अर्थ फिरवण्याची ही रीत इंग्रजीत बहुधा इतर कुठल्याही भाषेपेक्षा जास्त आहे आणि परक्यांना सर्वांत जड जातं ते हेच. उदाहरणांची यादीही दिलीय. त्या यादीत ‘टेक ऑफ’ आहे, आणि त्यापुढे अर्थ दिलाय ‘टू कॉपी’, म्हणजे नक्कल करणे, प्रत उचलणे. विमान उडायला तेव्हा जवळपास दीडशे वर्षं अवकाश होता.

यांतले काही प्रयोग मूळ शब्दांपासून इतके लांब गेलेत की कितीही डोकं चालवलं तरी वाट सापडायची नाही, असंही जॉन्सन लिहितात. एवढ्या मोठ्या माणसाशी वाद घालायचा म्हणजे धाडसच, पण ‘टेक ऑफ’पुरतं तरी मला ते पटत नाही. वाट सापडते. आणि मराठी माणसाला तर ती जरा जास्तच सहज सापडावी.

## ‘ऑफ’ म्हणजे ‘बंद’ नव्हे, ‘सुटणे’

सगळा घोटाळा त्या बटणाने केलाय. ‘ऑफ’चा मूळ अर्थ बंद असा नाहीच. जुन्या इंग्रजीत ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ हे दोन वेगळे शब्द नव्हते. ‘पासून, वरून दूर’ अशा अर्थाचा एकच शब्द होता. जोर देऊन उच्चारला की एक रूप आणि घाईत उच्चारला की दुसरं. पुढे त्यांची स्पेलिंगं वेगळी झाली आणि संसारही वेगळे झाले. त्यामुळे ‘ऑफ’च्या मुळाशी चित्र आहे ते एवढंच, की एक वस्तू दुसरीला चिकटलेली होती, ती सुटी झाली. डब्यावरचं झाकण डोळ्यांसमोर आणा. झाकण बसलेलं असतं, मग ते धरून उचलतो, ते सुटं होतं. ‘टेक’ म्हणजे धरणं, ‘ऑफ’ म्हणजे सुटं होणं.

आता ‘ऑफ’च्या जागी मनात ‘सुटणे’ ठेवा आणि आपल्याच भाषेकडे बघा. बटण सुटतं, गाडी सुटते, बंदुकीतून गोळी सुटते, शाळा सुटते. इंग्रजीत बटण ‘कम्स ऑफ’, प्रवासी ‘सेट ऑफ’, बंदूक ‘गोज ऑफ’. किंमतीतून काही ‘टेक ऑफ’ केलं तर त्याला आपण म्हणतो सूट. ‘टेक अ डे ऑफ’ केलं तर ती सुट्टी. सूट काय, सुट्टी काय, दोन्ही सुटण्याच्याच कुळातले शब्द. इंग्रजीने एका शेपटीवर जेवढा संसार मांडलाय, तेवढाच मराठीने एका धातूवर मांडलाय. शब्दकोशातली दहा अर्थांची यादी घोकण्याआधी एवढं लक्षात आलं तरी निम्मं काम होतं.

विजेच्या बटणावरचा ‘ऑफ’सुद्धा याच चित्रातला. तार आणि दिवा यांचा संपर्क सुटला, म्हणून दिवा ‘ऑफ’. मग गजराचं काय? ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले, पण ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर बंद पडला असं नव्हे, तो वाजला! शिकणाऱ्याला हा शुद्ध अन्याय वाटतो. पण गजर ही अडवून धरलेली गोष्ट, वेळ झाली की ती सुटते, बंदुकीसारखी. दिव्याच्या बाबतीत संपर्क सुटला, गजराच्या बाबतीत अडसर सुटला. सुटलं दोन्हीकडे, फक्त काय सुटलं ते वेगळं.

## मग ‘टेक ऑफ’चे अर्थ कसे सुटत जातात

अंगावरचा कोट, डोक्यावरची टोपी, भिंतीवरचा रंग, यादीतलं नाव या गोष्टी धरून सुट्या केल्या की तो सरळ अर्थ, काढणे. शस्त्रक्रियेत पाय काढावा लागला तरी बोलताना ‘दे हॅड टू टेक हिज लेग ऑफ’ असंच म्हणतात. एकूण रकमेतून काही भाग सुटा केला की वजा करणे. कामातून दिवस सुटा केला की सुट्टी घेणे.

विमानाच्या अर्थाला मधे एक पायरी आहे, ती बहुतेक पुस्तकं गाळतात. जमिनीवरून उसळी घेण्याला ‘टेक ऑफ’ म्हणायची रीत घोड्यांच्या आणि खेळाडूंच्या उड्यांमध्ये एकोणिसाव्या शतकातच होती. लांब उडीत ज्या फळीवर पाय रोवून खेळाडू उसळतो, तिला आजही ‘टेक-ऑफ बोर्ड’च म्हणतात. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचं यंत्र किटी हॉकजवळ १२ सेकंद हवेत राहिलं आणि १२० फूट गेलं. त्यानंतर विमानांसाठी वेगळा शब्द घडवायची गरजच पडली नाही. उडीचा शब्द तयार होता, तो विमानाला बसला. जमीन सुटली, एवढंच तर व्हायचं असतं.

माणूस ‘टेक ऑफ’ करतो तेव्हा तोही जागेवरून सुटतो, आणि सुसाट सुटतो. ‘काढता पाय घेणे’ किंवा ‘पळ काढणे’ याला अगदी जवळचं. नकलेचा अर्थ जरा आडवळणाचा वाटेल, पण मुळावरून प्रत उचलून घेणे अशी त्याची वाट दिसते. चित्राची प्रत उचलायची, तशी माणसाची लकब उचलायची. हा क्रियापदी अर्थ आजही मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीत चालतो, आणि त्यात टवाळीचा वास असतो.

एक जुना अर्थ पार मागे पडला, जिवे मारणे. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये राजाच्या खुनाबद्दल बोलताना ‘टेकिंग-ऑफ’ असे शब्द येतात. ते वाचताना राजा कुठे उडाला, असा प्रश्न पडू नये, म्हणून सांगितलं. आज मात्र या अर्थाने कुणी वापरत नाही.

## नेमका अर्थ ओळखायचा कसा

पहिली खूण, क्रियापदाला कर्म आहे का ते बघायचं. ‘टेक ऑफ’ कशाला? कोटाला, चष्म्याला, दोन गुणांना, दिवसाला, शेजाऱ्याच्या बोलण्याच्या ढबीला. कर्म असेल तर अर्थ काढणे, वजा करणे, सुट्टी घेणे किंवा नक्कल करणे यांपैकी एक. कर्म नसेल तर उडणे, सटकणे किंवा जोरात चालू लागणे. पहिल्या गटातली बरीच वाक्यं कर्मणि प्रयोगात जातात, दुसऱ्या गटातली जात नाहीत.

इथे मराठी वळणाची एक चूक हमखास होते. आपल्याकडे विमान उडतं आणि पायलट विमान उडवतो. ‘उडणे’वरून ‘उडवणे’ आपण चुटकीसरशी करतो. म्हणून ‘द पायलट टुक ऑफ द प्लेन’ असं लिहून मोकळे होतो. इंग्रजीत ते चालत नाही. ‘द पायलट टुक ऑफ’ चालतं, ‘द प्लेन टुक ऑफ’ही चालतं, पण पायलट विमानाला टेक ऑफ करत नसतो.

दुसरी खूण माझ्या मते सगळ्यांत कामाची, ती म्हणजे उलट शब्द विचारून बघायचा. कोट काढण्याच्या उलट ‘पुट ऑन’. विमान उडण्याच्या उलट ‘लँड’. वजा करण्याच्या उलट ‘ॲड’. धंदा जोरात चालण्याच्या उलट ‘फ्लॉप’ किंवा ‘फेल’. उलट शब्द बदलला की समजायचं, अर्थ बदलला, आणि मग समानार्थी शब्दही बदलणार.

तिसरी गोष्ट कर्त्याची. ‘हर करिअर टुक ऑफ’ म्हणजे तिच्या कारकिर्दीने भरारी घेतली. पण नुसतं ‘शी टुक ऑफ’ म्हटलं तर ऐकणारा समजेल की ती निघून गेली. यशाचा अर्थ वस्तूला, कल्पनेला, विक्रीला, कारकिर्दीला लागतो. माणसाला थेट लावला तर माणूस यशस्वी होत नाही, दाराबाहेर जातो.

सर्वनामाचा नियम मात्र पाठच करावा लागतो. ‘टेक ऑफ युवर शूज’ बरोबर, ‘टेक युवर शूज ऑफ’ही बरोबर. पण ‘शूज’च्या जागी ‘देम’ आलं की ते मधेच बसतं, ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ चूक.

## समानार्थी शब्द एवढे, मग कुठलाही चालेल ना?

नाही चालणार. समानार्थी शब्दांची मोठी सूची करणारे पीटर मार्क रॉजे यांनी १८५२ साली आपला थिसॉरस प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी शब्द कल्पनांच्या गटांनुसार लावले होते. एका गटात आले म्हणजे एकमेकांच्या जागी बसतील, असा त्याचा अर्थ नव्हता. आपण मात्र सूचीत सापडलेला सर्वांत भारदस्त शब्द उचलतो आणि वाक्यात ठोकतो.

कपड्यांपासूनच बघू. ‘रिमूव्ह’ हा ‘टेक ऑफ’चा सर्वांत जवळचा भाऊ, फक्त पाटीवर आणि सूचनापत्रकात शोभणारा. ‘प्लीज रिमूव्ह युवर शूज’ अशी पाटी ठीक, पण घरात आलेल्या मित्राला तोंडाने असं सांगितलं तर तो जरा दचकेल. ‘अनड्रेस’ म्हणजे कपडे उतरवणे, पण त्याला कपड्याचं कर्म लावत नाहीत. शर्ट ‘टेक ऑफ’ करतात, शर्ट ‘अनड्रेस’ करत नाहीत. ‘स्ट्रिप’मध्ये सगळं उतरवण्याचा किंवा जबरदस्तीचा सूर येतो.

आणि ‘डॉफ’. या शब्दाची गोष्ट मला फार आवडते. ‘डू ऑफ’ हे जुनं फ्रेजल व्हर्ब घाईत बोलता बोलता चेपलं आणि ‘डॉफ’ झालं. तसंच ‘डू ऑन’चं ‘डॉन’. पुढे दोन्ही शब्द जुनाट झाले, टोपी उंचावून मान देण्यापुरता ‘डॉफ’ उरला. मग कोविडच्या काळात रुग्णालयांमध्ये पीपीई किट चढवायच्या आणि उतरवायच्या जागांवर ‘डॉनिंग’ आणि ‘डॉफिंग’ अशा पाट्या लागल्या, आणि शेकडो वर्षांपूर्वीचं चेपलेलं फ्रेजल व्हर्ब पुन्हा कामाला लागलं. ‘टेक ऑफ’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण किट उतरवण्याच्या ठरावीक क्रमाला एक ठरावीक नाव असलेलं बरं, चूक झाली तर संसर्ग होतो.

हे ‘पुट ऑन’च्या उलट ‘पुट ऑफ’ का नाही, असाही प्रश्न येतो. येणारच, कारण तर्काला धरून आहे. आज ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, म्हणून ‘पुट ऑफ युवर शूज’ ऐकून लोक हसतात. पण १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मोशे या प्रेषिताला पायांतलं काढून ठेवायला सांगितलंय ते ‘पुट ऑफ’ याच शब्दांत. म्हणजे ही चूक करणारा अडाणी नाही, फक्त चारशे वर्षं उशिरा आला.

## ‘डिपार्ट’ आणि ‘टेक ऑफ’ एकच का?

विमानतळावरच्या फलकावर सुटण्याची वेळ दहाची असते आणि विमान हवेत जातं सव्वादहानंतर. प्रवासी वैतागतो. पण फलकावरचा ‘डिपार्चर’ म्हणजे साधारणपणे विमान उभ्या जागेवरून हललं ती वेळ. मग ते रांगत धावपट्टीपर्यंत जातं, रांगेत थांबतं, आणि चाकं जमीन सोडतात तो ‘टेक-ऑफ’. रॉकेट सरळ वर जातं तेव्हा बहुतेकदा ‘लिफ्ट-ऑफ’ म्हणतात. कोशात हे तिघे शेजारी बसतात, धावपट्टीवर त्यांना एकमेकांच्या जागी बसवता येत नाही.

किती बसवता येत नाही, ते २७ मार्च १९७७ ला दिसलं. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ बेटावरचा लॉस रोदेओस विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे बरीच विमानं इकडे वळवलेली, जागेची दाटी, त्यात दाट धुकं. केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ एकाच धावपट्टीवर. केएलएमचं विमान एका टोकाला उड्डाणासाठी उभं, पॅन ॲमचं त्याच धावपट्टीवरून पुढे सरकत होतं. नियंत्रकाने केएलएमला उडाल्यानंतर कुठल्या मार्गाने जायचं ते सांगितलं. ही उडण्याची परवानगी नव्हती, पण त्या सूचनेत ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. केएलएमच्या सहवैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी जोडलं, ‘वी आर नाउ ॲट टेक-ऑफ’.

या चार-पाच शब्दांचे दोन अर्थ होतात. आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत, हा एक. आम्ही उड्डाण करतोय, हा दुसरा. नियंत्रकाने पहिला धरला. विमान प्रत्यक्षात धावायला लागलं होतं. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला आणि मग थांबा, मी सांगतो, असंही म्हणाला. पण त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिक, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत, हे सांगायला बोलला. दोन संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कानांवर ‘ओके’नंतर नुसती कर्कश शिट्टी आली. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सर्वांत जीवघेणा अपघात.

कारण फक्त शब्द नव्हता. धुकं होतं, घाई होती, रेडिओची अडचण होती. पण शब्दाची बाजू इतकी उघड होती की पुढे रेडिओवरच्या बोलण्याचा नियमच बदलला. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता प्रत्यक्ष उडण्याची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी, तयार आहोत वगैरे सांगताना, ‘डिपार्चर’ म्हणायचं. समानार्थी म्हणून शेजारी बसणारे हे दोन शब्द मुद्दाम वेगळे ठेवले गेले आहेत, आणि त्यात कुणाची भाषिक हौस नाही.

## बाकीच्या अर्थांचे सोबती

निघून जाण्याच्या अर्थाला ‘लीव्ह’ सर्वांत साधा, त्यात ना घाई ना राग. ‘फ्ली’मध्ये मागे संकट लागतं. ‘एस्केप’मध्ये आधी कुठेतरी अडकलेलं असावं लागतं. ‘बोल्ट’ म्हणजे बुजलेल्या घोड्यासारखं धूम ठोकणं. ‘टेक ऑफ’मध्ये घाई आहे, अचानकपणा आहे, पण भीती असायलाच हवी असं नाही. कंटाळा आला म्हणूनही माणूस ‘टेक ऑफ’ करतो.

वजाबाकीत ‘सबट्रॅक्ट’ गणिताच्या वहीतला, ‘डिडक्ट’ हिशेबाच्या कागदावरचा, ‘नॉक ऑफ’ घासाघीस करतानाचा. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

नकलेचं जरा सांभाळून. ‘इमिटेट’मध्ये आदर असू शकतो, शिष्य गुरूचं करतो ते. ‘मिमिक’ हुबेहूबपणावर भर देतो. ‘एप’ म्हटलं की माकडचाळे, म्हणजे सरळ अपमान. ‘इम्पर्सोनेट’ रंगमंचावर कला आणि पोलिसाच्या वेशात गुन्हा. ‘टेक ऑफ’ या सगळ्यांत हलकाफुलका, चार मित्रांत साहेबांची नक्कल करून हशा पिकवावा तसा.

यशाच्या अर्थाला ‘सक्सीड’ देऊन टाकतात, पण त्यात वेग नाही. वीस वर्षं घासून मिळालेलं यशही ‘सक्सीड’च. ‘फ्लरिश’ म्हणजे बहरणं, टिकून राहणं. ‘कॅच ऑन’ म्हणजे लोकांत पसरणं, फॅशन किंवा शब्दप्रयोग पसरतो तसं. ‘टेक ऑफ’ मात्र त्या वळणबिंदूविषयी बोलतो, जिथे इतके दिवस जमिनीवर धावणारी गोष्ट वर उचलली जाते. अर्थशास्त्रज्ञ डब्ल्यू. डब्ल्यू. रोस्टो यांनी १९६० साली देशांच्या आर्थिक वाढीचे पाच टप्पे मांडले, त्यातला मधला, तिसरा टप्पा ‘टेक-ऑफ’. आधी तयारीचा टप्पा, मग उड्डाण, मग परिपक्वतेकडे वाटचाल. रोस्टोंच्या सिद्धांतावर पुढे भरपूर टीका झाली, सगळे देश एकाच धावपट्टीवरून उडत नाहीत हे दिसून आलं, पण अर्थविषयक पानांवरचं ‘टेक ऑफ’ तिथूनच रुळलं.

## ट्रॅक्टरवालाही ‘टेक-ऑफ’च म्हणतो

नाम म्हणून हा शब्द आणखी कुठे शिरलाय, ते बघण्यासारखं आहे. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा दांडा असतो, रोटाव्हेटर किंवा फवारणीचा पंप चालवणारा. त्याला सगळे ‘पीटीओ’ म्हणतात. तो ‘पॉवर टेक-ऑफ’. इंजिनाची ताकद चाकांखेरीज दुसऱ्या कामासाठी काढून घेण्याची सोय, म्हणजे झाकणवालाच अर्थ. त्यावर मिनिटाला ५४० फेऱ्यांचा आकडा असतो तो त्या दांड्याच्या ठरावीक गतीचा. ज्याने आयुष्यात फ्रेजल व्हर्ब हे नाव ऐकलं नाही, तो ते रोज हाताळत असतो.

बांधकामात नकाशावरून मापं काढून किती विटा, किती काँक्रीट लागेल याची यादी करतात, ती ‘क्वांटिटी टेक-ऑफ’. इथे नकाशावरून आकडे उचलले जातात. जॉन्सनच्या यादीतल्या ‘प्रत उचलणे’ या अर्थाच्या हा किती जवळ आहे, बघा.

## मोठा शब्द वापरला तर इंग्रजी भारी दिसत नाही का?

ही समजूत हवेतून आलेली नाही. १०६६ साली फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची कित्येक पिढ्या दरबाराची, कायद्याची भाषा फ्रेंच राहिली. रिमूव्ह, डिपार्ट हे फ्रेंच वाटेने आले, डिडक्ट, इमिटेट लॅटिनमधून. ते कचेरीत बसले, आणि टेक, गो, पुट, गेट यांना शेपट्या लावून तयार झालेले प्रयोग घरात, बाजारात राहिले. गंमत म्हणजे ‘टेक’सुद्धा मुळात पाहुणाच. व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतल्या ‘टाका’ या क्रियापदावरून तो आला आणि जुन्या इंग्रजीतल्या ‘निमान’ला त्याने हुसकावून लावलं. निमानचं भावंड जर्मनमध्ये ‘नेमेन’ म्हणून अजून नांदतंय.

त्यामुळे अर्जात, अहवालात ‘डिडक्ट’ आणि बोलण्यात ‘टेक ऑफ’ ही विभागणी खरी आहे. पण ती उलटी लावली तर विचित्र दिसते. ‘आय इमिजिएटली रिमूव्ह्ड माय स्पेक्टॅकल्स अँड डिपार्टेड’ असं गप्पांत म्हणणारा माणूस पोलिसांपुढे जबाब देतोय असं वाटतं. शिवाय विमानासाठी तर औपचारिक लेखनातही ‘टेक ऑफ’च लागतो. तिथे ‘असेंड’ लिहिलं तर अर्थ फक्त वर चढणे एवढाच राहतो, जमीन सुटल्याचा क्षण हरवतो.

## आपल्याकडे असली भानगड नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी

बोलणे हे साधं क्रियापद घ्या. तो बोलून गेला, बोलून बसला, त्याने बोलून टाकलं, बोलून दाखवलं, बोलून घेतलं. ‘बोलून बसला’मध्ये आता पस्तावतोय हे आलं, ‘बोलून टाकलं’मध्ये मोकळा झाला हे आलं, ‘बोलून दाखवलं’मध्ये मनातलं नेमकं बाहेर काढलं हे आलं. बसण्याचा इथे खुर्चीशी काही संबंध नाही आणि टाकण्याचा जमिनीशी नाही. मराठी शिकणारा परदेशी माणूस या ठिकाणी जे कपाळाला हात लावतो, तेच आपण ‘टेक ऑफ’पाशी करतो. आपण ही रूपं कधी यादी करून पाठ केली नाहीत. वाक्यांत ऐकली, वापरली, एकदोनदा चुकीच्या जागी वापरून हसूही करून घेतलं.

## उच्चार आणि मधली रेघ

लिहिताना क्रियापद असेल तर दोन सुटे शब्द, ‘टेक ऑफ’. नाम असेल तर मधे छोटी रेघ किंवा जोडून, ‘टेक-ऑफ’. बोलताना क्रियापदात जोर ‘ऑफ’वर पडतो, नामात ‘टेक’वर. शिवाय सलग बोलताना ‘टेक’चा क पुढच्या शब्दाला चिकटतो आणि ऐकू येतं ‘टेकॉफ’. इंग्रजी बातम्या ऐकताना शब्द ओळखीचा असूनही निसटतो, तो बहुतेकदा यामुळे. कानाला हे जोडरूप एकदा परिचयाचं झालं की ‘सेटॉफ’, ‘कटॉफ’, ‘पुटॉफ’ ही बाकीची मंडळीही आपोआप ओळखू येतात. ‘टुक ऑफ’ मात्र ‘टुकॉफ’ असं इतकं झटकन जातं की सुरुवातीला ते मागे-पुढे करून दोनदा ऐकावं लागतं.